खेळाच्या दुकानाचा उंबरठा

गेल्या उन्हाळ्यात पुण्याला मुलाकडे गेलो होतो. नातू बारा वर्षांचा. त्याने पहिल्याच दिवशी फर्मान काढले, "आजोबा, उद्या आपण डिकॅथलॉनला जायचं." मला वाटले, कसलीशी शर्यत असेल. तीस-बत्तीस वर्षे सांगलीच्या एका हायस्कुलात मुलांना खेळ शिकविण्यात घालविलेल्या माणसाला डिकॅथलॉन म्हणजे शंभर मीटरच्या धावेपासून पंधराशे मीटरच्या धावेपर्यंतचे दहा प्रकार, एवढेच ठाऊक! गेल्यावर पाहतो तो काय, एखाद्या गोदामाएवढे प्रचंड दुकान. सायकली, तंबू, पोहण्याचे चष्मे, बूट, बॅटी, धनुष्ये, घोडेस्वारीच्या टोप्या! एका छपराखाली इतके खेळ मी उभ्या जन्मात पाहिले नव्हते.

परंतु मला खरे नवल वाटले ते मालाचे नव्हे. एक पोरगा मोकळ्या जागेत बास्केटबॉल आपटीत होता. एक बाई आपल्या चिमुरडीला सायकलीवर बसवून कपाटांच्या रांगांतून फिरवीत होत्या. दोन कॉलेजकुमार टेबल टेनिस खेळण्यात इतके रंगले होते की, जणू जिमखान्यातच उभे आहेत. आता कोणी तरी ओरडेल, मग ओरडेल, म्हणून मी वाट पाहत होतो. कोणी ओरडले नाही. अर्ध्या तासाने ते दोघे बॅटी जागच्या जागी ठेवून, छदामही खर्च न करता चालते झाले. आणि दारातल्या मुलाने त्यांना हसून निरोप दिला!

मी नातवाला विचारले, "काय रे, घ्यायचं नाही तर हात कसा लावू देतात?"

तो म्हणाला, "आजोबा, हात लावल्याशिवाय आवडतंय की नाही हे कळणार कसं?"

उत्तर बिनतोड होते. मी गप्प बसलो. पण घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे ते दुकान नव्हते. साठ वर्षांपूर्वीच्या साताऱ्यातले एक काचेचे कपाट होते.

काचेमागची बॅट

आम्ही त्या वेळी साताऱ्यास यादोगोपाळ पेठेत राहत होतो. वडील सरकारी कचेरीत कारकून. घरात सात माणसे. आमचे क्रिकेट चाले ते आईच्या धोपटण्यावर, आणि चेंडू म्हणजे चिंध्यांच्या गोळ्यावर सायकलीच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चढवून केलेला. धुण्याच्या दिवशी धोपटणे मिळत नसे, म्हणून त्या दिवशी सामना बंद!

वरच्या रस्त्याला, मोती चौकाच्या अलीकडे, एक दुकान होते. निम्म्या भागात वह्या, दौती आणि पाट्या. उरलेल्या निम्म्या भागात कॅरमबोर्ड, लेझीम, डंबेल्स आणि एक काचेचे कपाट. त्या कपाटात तीन बॅटी उभ्या असत. वर पाटी, 'मालास हात लावू नये.' दुकानाच्या मालकांना सारे गाव अण्णा म्हणे. शाळा सुटली की मी त्या कपाटासमोर उभा राही. मधली बॅट माझी, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. किंमत साडेअकरा रुपये. अण्णा चष्म्यावरून पाहत आणि म्हणत, "काचेला नाक लावू नकोस, डाग पडतो."

असे वर्षभर चालले. एके दिवशी अण्णांनी विचारले, "किती साठलेत?" मी म्हणालो, "चार रुपये." अण्णांनी कुलूप काढले, बॅट बाहेर घेतली आणि माझ्या हातात दिली. मग लाल कापडी बांधणीची वही उघडली. मी घाबरून विचारले, "वडिलांना सांगणार का?" ते म्हणाले, "बॅट तुझी, तेव्हा उधारीही तुझी. महिन्याला पन्नास पैसे." आणि वहीत त्यांनी माझे नाव लिहिले. वडिलांचे नाही, माझे! पंधरा महिने मी ते पैसे फेडीत होतो. शिवाय त्यांनी बजावले, "आठ दिवस जवसाचं तेल लाव, आणि जुना बॉल मोज्यात घालून हळूहळू ठोकत बस. लगेच खेळायला काढलीस तर फुटेल, मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

पुढे मी खेळाचा मास्तर झालो, त्याचे मूळ त्या वहीत आहे. म्हणूनच खेळाच्या दुकानांविषयी मला जरा अधिक कुतूहल. खेळाडूंचे चरित्र लिहिले जाते, मैदानांना नावे दिली जातात. पण ज्या फळकुटावरून खेळ घरात येतो त्या दुकानाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

दुकान नव्हते तेव्हा

आमच्या या कृष्णाकाठच्या मुलखात तालमी जुन्या. कुस्तीला लंगोट आणि लाल माती पुरे. हुतुतूला आणि खोखोला तेवढेही नको. म्हणून खेड्यापाड्यांतून जे खेळ फोफावले ते हे. साधनांचे खेळ मात्र कोणा मोठ्याच्या मर्जीनेच खाली उतरत. विजय हजारे हे त्याचे चांगले उदाहरण. त्यांचा जन्म सांगलीचा, ११ मार्च १९१५ चा. वडील शाळामास्तर, घरात आठ भावंडे. अशा घरातल्या मुलाला क्रिकेटचे रीतसर शिक्षण कोठून मिळणार? ते मिळाले जतच्या संस्थानिकांमुळे. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या त्या छोट्याशा दुष्काळी संस्थानात १९३० नंतरच्या दशकात क्लॅरी ग्रिमेट हा ऑस्ट्रेलियाचा जगप्रसिद्ध फिरकी गोलंदाज शिकवावयास आला होता! हजाऱ्यांना त्याचे मार्गदर्शन लाभले. पुढे १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासला इंग्लंडला हरवून भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा कर्णधार हजारेच होते.

बॅडमिंटनचे नंदू नाटेकरही सांगलीतच जन्मलेले, १९३३ साली. १९५६ मध्ये मलायात सेलंगोरची स्पर्धा जिंकून, परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले तेव्हाच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचे नाव होते. ज्या खेळाचे नियम १८७० नंतरच्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीत आकाराला आले, तो खेळ या मुलखातल्या माणसाने जिंकायला ऐंशी वर्षे जावी लागली. कारण उघड आहे. रॅकेट हाती असलेली माणसे मूठभर होती.

आणि ज्या खेळाला साधन लागत नाही असे आपण म्हणतो, त्यालाही एका टप्प्यावर ते लागतेच. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तेथे कुस्ती मातीवर नव्हे, मॅटवर! मॅटवर ते पहिल्यांदाच उभे राहिले, असे सांगतात. तरी सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी ब्राँझपदक आणले. स्वतंत्र भारतातील खेळाडूचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी वर्गणी गोळा करावी लागली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून पैसे उभे केले, ही हकीकत तर सर्वश्रुतच आहे.

सियालकोटहून आलेली माणसे

संस्थाने गेली. मग संस्थानिकांची जागा घेतली ती गावोगावच्या अण्णांनी. पण अण्णांच्या कपाटात बॅट येई कोठून?

ही गोष्ट मला पुढे कळली. अखंड हिंदुस्थानात खेळाच्या सामानाची राजधानी एकच होती, पंजाबातले सियालकोट. गोऱ्या पलटणीतल्या साहेबाची रॅकेट मोडली, ती तेथल्या एका कारागिराने अशी बेमालूम जुळवून दिली की, साहेबाने आणखी करायला सांगितल्या, आणि धंदा सुरू झाला, अशी एक आख्यायिका आहे. काही असो, विसाव्या शतकाच्या आरंभी सियालकोटची बॅट, हॉकी आणि फुटबॉल बोटीने परदेशी जात होते.

१९४७ साली फाळणी झाली. सियालकोट पलीकडे गेले. या धंद्यातले हिंदू आणि शीख व्यापारी व कारागीर हात हलवीत अलीकडे आले. कोणी जालंदरला थांबले, कोणी मेरठला. केदारनाथ आणि द्वारकानाथ आनंद या बंधूंनी १९३१ साली सियालकोटात काढलेला कारखाना १९५० मध्ये मेरठला पुन्हा उभा राहिला. आज भारतातले कसोटी सामने ज्या एसजी चेंडूने खेळले जातात, तो याच घराण्याचा. मेरठच्या सूरजकुंड भागात आणि जालंदरच्या वस्त्यांत निर्वासितांनी छपराखाली बसून पुन्हा लाकूड तासावयास आरंभ केला.

बॅटीचे लाकूड विलोचे. ते आपल्याकडे काश्मिरात, झेलमच्या काठी अनंतनागच्या बाजूला होते. मुठीला वेत. ते लाकूड पंजाबात किंवा मेरठला उतरे, तासले जाई, दाबले जाई, आणि तयार बॅट रेल्वेच्या पार्सलाने दक्षिणेकडे निघे. झेलमच्या काठचे झाड असे कृष्णेच्या काठी येई. मी काचेला नाक लावून जी बॅट पाहत होतो तिच्यामागे घरदार गमावलेल्या एखाद्या माणसाचे हात असतील, हे त्या वयात मला कोण सांगणार?

धंद्याची गुपिते

शिक्षण संपवून मी सांगलीला नोकरीस लागलो, तेव्हा या धंद्याची दुसरी बाजू दिसली. शाळेच्या खेळाच्या सामानाची खरेदी माझ्याकडे असे. जूनमध्ये तीन दुकानांतून कोटेशने मागवायची, सर्वांत कमी भाव असेल ते मुख्याध्यापकांपुढे ठेवायचे. हरभट रोडच्या बाजूला एक दुकान होते. त्याच्या मालकांना मी बापू म्हणत असे. आमची चांगली दोस्ती जमली.

एकदा मी त्यांना विचारले, "बापू, बॅट-बॉलवर तुमचं भागतं का हो?"

बापू हसून म्हणाले, "सर, बॅट-बॉल ही काचेतली शोभा. आमचं घर चालतं ढालींवर आणि कपांवर."

हे मला ठाऊकच नव्हते. गणेशोत्सवातल्या स्पर्धा, शाळांची संमेलने, पतपेढ्यांचे समारंभ, जत्रेतल्या कुस्त्या, या सर्वांना ढाल लागते, चषक लागतो, त्यावर नाव कोरून लागते. हिवाळ्यात दुकान तगते ते त्यावर. मे महिन्यात कॅरमबोर्ड आणि पत्ते. जून ते ऑगस्ट शाळांची कोटेशने. पैसे मात्र कधी मार्चमध्ये, कधी त्याच्याही पुढच्या मार्चमध्ये! तोपर्यंत मेरठच्या व्यापाऱ्याची हुंडी फेडायची ती पदरमोड करून. रॅकेटची तार ओढून देणे, बॅटीची मूठ बदलणे, फुटबॉलचे ब्लॅडर पॅच करणे, ही कामे नफ्याची नव्हेत; परंतु त्यानिमित्ताने गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढते. बापूंच्या मागच्या खोलीत तार ओढण्याचे एक लाकडी यंत्र होते. तार ताणली की ती बोटाने छेडून, कान जवळ नेऊन ते ऐकत. म्हणत, "सूर लागला की झालं."

आणि या सगळ्याच्या शेजारी उधारीची वही. अण्णांसारखीच लाल.

१९८३ च्या जूनमध्ये कपिलदेवच्या संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या पावसाळ्यात बापूंच्या दुकानातल्या छोट्या बॅटी आठवड्यात संपल्या. तरीसुद्धा काचेचे कपाट होते तेथेच राहिले. 'हात लावू नये' ही पाटीही राहिली. बापूंना मी एकदा त्याबद्दल छेडले. ते म्हणाले, "सर, पाच पोरं हात लावणार, एक घेणार. मळलेली बॅट मग पाचव्या गिऱ्हाइकाला नवी म्हणून कशी देऊ?" त्यांचेही खरेच होते. ज्याच्या दुकानात एकूण सहाच बॅटी, त्याने एक मळू द्यायची म्हणजे मोठा तोटा.

एका फ्रेंच गृहस्थाची कल्पना

पुण्याहून परत आल्यावर मी त्या मोठ्या दुकानाचा इतिहास मुद्दाम शोधून वाचला. १९७६ साली, म्हणजे मी सांगलीत नवा नवा मास्तर होतो त्या सुमारास, फ्रान्सच्या उत्तर भागात लील शहराजवळच्या आंग्लोस या गावी मिशेल लक्लेर नावाच्या गृहस्थाने काही मित्रांना घेऊन एक दुकान उघडले. तोवर तिकडेही आपल्यासारखेच होते. टेनिसचे दुकान वेगळे, शिकारीचे वेगळे, सायकलीचे वेगळे. आणि प्रत्येक ठिकाणी गल्ल्यामागे दुकानदार, त्याच्या मागे माल. लक्लेरने ठरविले की, सर्व खेळ एका छपराखाली आणावयाचे, माल उघड्यावर मांडावयाचा, गिऱ्हाइकाने तो स्वतःच्या हाताने उचलावयाचा. म्हणून नाव ठेवले दहा खेळांच्या शर्यतीचे.

पहिली दहा वर्षे तो इतरांचाच माल विकी. १९८६ पासून कंपनीने स्वतःचा माल बनवावयास घेतला. आरंभ सायकलीपासून झाला. त्याच साली तिने फ्रान्सची हद्द ओलांडून जर्मनीत दुकान काढले. दुसऱ्याच्या मालावर दुसऱ्याचा नफा चढतो. आपण आखावे, आपण करवून घ्यावे आणि आपल्याच दुकानात विकावे, म्हणजे मधले हात वाचतात, हा हिशेब. डोंगरावरच्या मालाला एक नाव, पाण्यातल्याला दुसरे, अशी नावे पुढे ठेवण्यात आली. फेकला की आपोआप उभा राहणारा तंबू २००५ साली बाजारात आला, तो यांचाच. नव्याने खेळू लागणाऱ्याला परवडेल असा एक स्वस्त नमुना प्रत्येक खेळात ठेवायचाच, हे धोरण मात्र मला सर्वांत मोलाचे वाटले. आज सत्तरहून अधिक देशांत त्यांची सतराशेहून अधिक दुकाने आहेत.

भारतात ही कंपनी २००९ साली बंगलोरला आली. पण दुकान म्हणून नव्हे, घाऊक व्यापारी म्हणून. त्याचे कारण आपला कायदा. एकाच छापाचा माल विकणाऱ्या परदेशी दुकानाला २००६ पासून एक्कावन्न टक्क्यांपर्यंतच भांडवल घालण्याची मुभा होती. २०१२ साली ती मर्यादा शंभर टक्क्यांवर गेली. अट अशी की, निम्म्याहून अधिक भांडवल बाहेरचे असेल तर तीस टक्के माल भारतातूनच घ्यावयाचा. २०१३ मध्ये कंपनीला परवानगी मिळाली, आणि दारे सर्वांना उघडली. दहा वर्षांत, म्हणजे २०२२-२३ या एका आर्थिक वर्षात, तिची भारतातील विक्री ३,९५५ कोटी रुपयांवर पोहोचली. बापूंना मी हा आकडा सांगितला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि त्यात उधारी किती, सर?"

उधारी शून्य!

साखळीला न दिसणारे गिऱ्हाईक

बापूंचा प्रश्न मला चुटपुट लावून गेला. कारण गेल्या दहा-पंधरा वर्षांत आमच्या या दोन जिल्ह्यांतून जी मुले पुढे आली, त्यांची गोष्ट नीट पाहिली तर किमतीपेक्षा भरवशाचाच प्रश्न पुढे येतो.

साताऱ्याची अदिती स्वामी घ्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला ती तिरंदाजीची जागतिक विजेती झाली. वय वर्षे सतरा! तिच्या कंपाउंड धनुष्याला आज दोन-अडीच लाख रुपये सहज पडतात. बाणांचा खर्च निराळा. वडील शिक्षक. मुलीला सराव करता यावा म्हणून त्यांनी गावाकडचे बिऱ्हाड साताऱ्यास हलविले आणि साधनांसाठी कर्ज काढले. स्वस्त नमुन्याने येथे भागत नाही. हातात धनुष्य धरून पाहता येईल, पण पुढे काय?

सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वजन उचलण्यात रौप्यपदक मिळविले. वडिलांची पानाची टपरी. लोखंडाचे संच कोण घरी विकत घेणार? गावातल्या व्यायामशाळेत ते होते म्हणून तो घडला. कोणी तरी, केव्हा तरी, ते व्यायामशाळेला दिले होते.

आणि आमच्या सांगलीची स्मृती मानधना. २०१३ च्या ऑक्टोबरात बडोद्याला एकोणीस वर्षांखालील मुलींच्या सामन्यात तिने गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा काढल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय मुलगी. ती बॅट दुकानातली नव्हतीच. राहुल द्रविडने ती तिच्या भावाला दिली होती. घरात जपून ठेवण्याजोगी वस्तू. पण हिने ती सहज उचलून पाहिली, तोल आवडला आणि खेळायलाच घेतली! २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा तीच स्मृती संघाची उपकर्णधार होती. बॅट उचलून पाहिली म्हणून तोल कळला, ही गोष्ट माझ्या नातवाच्या बाजूची. आणि कोणी तरी पैसे न मोजता विश्वासाने हाती दिली म्हणून ती उचलता आली, ही अण्णांच्या बाजूची.

वाचकहो, मोठी दुकाने वाईट आणि जुनी दुकाने चांगली, असे म्हणण्याचा माझा मुळीच उद्देश नाही. अण्णांच्या काचेपाशी नाक लावून उभी राहिलेली आणि कधीच बॅट न मिळालेली कितीतरी पोरे होती. सर्वांची नावे त्या वहीत गेली नाहीत. माझ्या बहिणी त्या दुकानाची पायरी कधी चढल्याच नाहीत. चढल्या असत्या तर त्यांना वह्यांच्या बाजूला पाठविले असते. पुण्याच्या दुकानात मात्र सायकलीवर बसलेली ती चिमुरडी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

पुरानंतर

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, सारे पाण्याखाली. आठवड्याने पाणी उतरल्यावर मी बापूंच्या दुकानी गेलो. बॅटी फुगून फाटल्या होत्या. कॅरमबोर्डांचे पापुद्रे सुटले होते. पिसांच्या फुलांचा लगदा झाला होता. फुटबॉल तेवढे तरंगत वर जाऊन माळ्याला टेकले असावेत; पाणी गेल्यावर ते चिखलात इकडेतिकडे बसले होते. काचेच्या कपाटाची दारे फुगून अशी गच्च झाली होती की, शेवटी काच फोडावी लागली. आणि लाल वही? तिची पाने एकमेकांना चिकटून वीट झाली होती. शाई सगळी पसरलेली.

बापू पंच्याहत्तरीचे. पायरीवर बसून ते म्हणाले, "सर, माल पुन्हा येईल. पण कोणाकडे काय आहे ते आता देवाला ठाऊक."

पुढच्या पंधरवड्यात मी तेथे रोज जात असे. दुकान धुवायला माणसे लागत होती. एका दुपारी माझा एक जुना विद्यार्थी आला, तो एस. टी. त ड्रायव्हर आहे. मुलासाठी बूट नेले होते. म्हणाला, "बापू, माझ्याकडे तुमचे साडेतीनशे राहिलेत," आणि पैसे ठेवून झाडू हातात घेतला. एका तालमीचे दोघे आले. एका शाळेचे शिपाई मुख्याध्यापकांची चिठ्ठी घेऊन आले. सगळेच आले असे म्हटले तर खोटे होईल. बरेच जण आले नाहीत. कित्येकांची स्वतःचीच घरे पाण्यात होती. पण बापूंना जेवढे येईल असे वाटले होते, त्याहून पुष्कळ अधिक आले. दिवाळीला दुकान पुन्हा उघडले.

आता ते त्यांचा मुलगा पाहतो. त्याने काचेचे कपाट पुन्हा केले नाही. सुताराने त्याची किंमत सांगितली तेव्हा तो म्हणाला, उघड्या फळ्याच मारा, स्वस्त पडतील. तेव्हापासून बॅटी उघड्यावर असतात. पैसे मोबाईलवर येतात, ढालींवर नावे यंत्राने कोरली जातात. बापू संध्याकाळी येऊन खुर्चीवर बसतात आणि पोरे बॅटी उचलून हवेत फिरवू लागली की अस्वस्थ होतात. पण काही बोलत नाहीत.

गणपतीच्या सुट्टीत नातू सांगलीला आला, तेव्हा मी त्याला तेथे घेऊन गेलो. जुनी एक रॅकेट होती, तिची तार तुटली होती. बापूंनी मागच्या खोलीत जाऊन तार ओढली. पुराच्या पाण्यातून ते लाकडी यंत्र तेवढे वाचले आहे. तार छेडून त्यांनी ती नातवाच्या कानाशी धरली आणि विचारले, "लागला का सूर?" तो म्हणाला, "मला कसं कळणार?" बापू म्हणाले, "मग आणखी एकदा ऐक."

निघताना मी पाकीट काढले. बापूंनी हात वर केला, मुलाला वही आणायला सांगितली, आणि नातवाला त्याचे नाव विचारले.